लुर्दिताचा फ्रीझर आणि माझं वॉरंटीवरचं भाषण

वाढीव वॉरंटी घ्यायची नाही, हे मी ठरवलं तेव्हा दुकानात सात माणसं होती. नेमका आकडा सांगतोय, कारण त्या सातही जणांनी पुढे ही हकीकत गावभर सांगितली, आणि त्यात माझा आवाज काढून दाखवणं हा खास भाग असतो, असं माझ्या कानावर आलंय.

फ्रीझर माझ्या बायकोचा, लुर्दिताचा. आमच्या फाटकावर "बर्फ मिळेल" अशी पाटी आहे, आणि प्लास्टिकच्या नळीतली तिची मुगाची आइस कँडी खायला पलीकडच्या वस्तीतूनही लोक येतात. पाच वर्षं ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, मासळीच्या शेजारी कँड्या गोठवत होती. मग साठवलेल्या पैशांतून तिने हा मोठा, आडवा, वर झाकण असलेला फ्रीझर घेतला. माझा वाटा फक्त भाषणाचा.

"मानोंग, आणखी तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या ना," विकणारी मुलगी म्हणाली. (वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे मानोंग म्हणतात.) "थोडेच जास्त पडतील."

झालं! माझ्यातला वक्ता जागा झाला. "मुली, नगरपालिकेत तेवीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी करतोय मी. कोण किती टिकतं ते मला नको शिकवूस. तुमच्याच मालावर तुमचा भरवसा नाही, म्हणून आम्ही पैसे भरायचे? ही भीती विकताय तुम्ही, भीती!"

लुर्दिताने माझा शर्ट मागून ओढला. "घेऊया ना रे, सियानो. माझं पोट आहे याच्यावर."

"पोट माझ्या पगारावर आहे," मी म्हणालो, आणि ऐटीत तीनचाकी बोलवायला बाहेर पडलो. (हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्याच कानाखाली एक द्यावीशी वाटते.)

पुढच्याच आठवड्यात माझ्या ऑफिसातला मित्र मॅक्सिमो अगदी तसाच फ्रीझर घेऊन आला, वाढीव वॉरंटीसकट. मॅक्सिमो माझ्या मुलाचा धर्मपिता, त्यामुळे आम्ही एकमेकांना 'पारे' म्हणतो. या पारेला मी वर्षभर ऑफिसात छळला. "काय पारे, पंख्याची पण घेतलीस का? चपलांची?" तो बिचारा हसून सोडून द्यायचा.

आता खरी गोष्ट. आमच्या गावच्या संताच्या, सान रोकेच्या सणाला तीन दिवस उरले होते. मिरवणुकीतल्या बँडसाठी चर्चने लुर्दिताला सहाशे कँड्यांची ऑर्डर दिली होती. इतकी मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळत होती, आणि ती मिळवून दिली होती आमच्या निनांग कॉन्चिंगनी. निनांग म्हणजे लग्नातली धर्ममाता. लग्नात उभं राहायचं आणि पुढे जन्मभर तो संसार मोडणार नाही हे बघायचं, हे तिचं काम. आमच्या निनांग हे काम फार मनावर घेतात. कँड्या वेळेवर गेल्या नाहीत तर निनांगचं नाक कापलं जाणार आणि लुर्दिताचं नाव कायमचं खराब होणार, हे घरात रोज बोललं जात होतं.

त्या सकाळी लुर्दिता मूग आणि साखर आणायला शहरात गेली. ती गेल्यावर मी गुपचूप एक कँडी काढायला झाकण उघडलं. कँडी हातात घेतली तर ती वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. आत दिवा नाही, घरघर नाही. फ्रीझर मेला होता. वय चौदा महिने. (कंपनीची वॉरंटी बारा महिन्यांची. नोंद करणाऱ्याच्या घरात असं व्हावं!)

लुर्दिताला फोन करायचा म्हणजे काय सांगायचं? मी काही केलं तरी तो पगार आणि पोटाचा डायलॉग परत येणार. त्यापेक्षा ती यायच्या आत दुरुस्त करून टाकू असं ठरवलं, आणि मला पारेची आठवण झाली.

"पारे," मी फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणालो, "तुझी वॉरंटी जरा उसनी देतोस?"

"उसनी? वॉरंटी म्हणजे काय छत्री आहे का?"

"अरे, फ्रीझर सारखाच आहे ना! माझा तुझ्याकडे आणतो, तुझा मागच्या खोलीत लपव. तंत्रज्ञ येईल, बघेल, नीट करेल, जाईल."

तो म्हणाला, "चपलांची पण उसनी देऊ का?" पण नाही म्हणाला नाही. दोन वाजता तंत्रज्ञ येणार असं ठरलं.

तीनचाकीवाल्या मानोंग बेर्तोने फ्रीझर गाडीच्या मागे आडवा बांधला आणि मी तो धरून लोंबकळत निघालो. आमच्याकडे रस्त्यात कोणी भेटलं की "कुठे निघालात?" विचारतात, आणि आपण "इथेच जरा" म्हणायचं. त्याहून जास्त सांगणं बरं दिसत नाही, आणि विचारणाऱ्यालाही जास्त नको असतं. पण मागे बायकोचा फ्रीझर बांधलेला असताना "इथेच जरा" म्हणणं किती वाईट दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"कुठे निघालात?" वाण्याने विचारलं.

"इथेच जरा."

"लुर्दिता कुठाय?"

"ती नाहीये घरी."

वाण्याने तोंडावर हात ठेवला. पुढच्या वळणावर तिघीजणी आधीच बाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या घरातली म्हातारी तर मला बघून छातीवर क्रूसाची खूण करून देवघराकडे वळली. मी आपला सगळ्यांना हसून "इथेच जरा, इथेच जरा" करत होतो. त्यात एका खड्ड्यात गाडी जी आदळली, मागून काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज आला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मॅक्सिमोच्या घरी आर्नेल नावाचा तरुण तंत्रज्ञ बरोबर दोनला आला. शांत मुलगा. पेचकस काढला, मागची पट्टी उघडली, "थर्मोस्टॅट गेलाय, दहा मिनिटांचं काम," म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने वॉरंटीचं कार्ड मागितलं आणि खाली वाकून फ्रीझरच्या पाठीवरचा नंबर वाचू लागला.

नंबर! चोवीस वर्षं माणसांचे नंबर नावांशी जुळवण्यात घालवली मी, आणि यंत्रालाही नंबर असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही!

"सर, हा नंबर कार्डावरचा नाहीये," आर्नेल मॅक्सिमोला म्हणाला. मॅक्सिमो माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात निनांग कॉन्चिंग, हातात छत्री, मागे चर्चच्या चार बायका, आणि सगळ्यांच्या मागे दोन्ही हातांत साखरेच्या पिशव्या घेतलेली माझी लुर्दिता. तिला त्यांनी बस थांब्यावरच गाठलं होतं.

"मेल्या!" निनांग गरजल्या. "बायको बाजारात, आणि तू तिचा फ्रीझर घेऊन पळतोस? संसार सोडायचा तर अंगावरच्या कपड्यांनिशी सोड! कोण आहे ती? बोल!"

"कोणी नाही हो निनांग! मी फक्त दुरुस्त..."

"दुरुस्त? मग हा फ्रीझर या घरात का आणलास?"

चार बायका, एक पारे, एक तंत्रज्ञ. मी सगळं सांगितलं, वॉरंटी उसनी मागितली तेसुद्धा. सांगताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. चर्चच्या एका बाईने हसू लपवायला पदर नाही म्हणून हातपंखा तोंडावर धरला.

आर्नेल मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "पण सर," तो म्हणाला, "या नंबरची वाढीव वॉरंटी आहे की. तीन वर्षांची. लुर्दिता यांच्या नावावर."

मी वळलो. लुर्दिताने साखरेच्या पिशव्या खाली ठेवल्या.

"तू तीनचाकी बोलवायला गेलास ना, तेव्हा घेतली," ती म्हणाली. "सात लोकांसमोर एवढं बोललास. तुला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. नुसता एक फोन केला असतास रे, सियानो. घरी येऊन फुकट करून गेले असते."

रागावली असती तर बरं झालं असतं. चौदा महिने तिने माझी लाज राखली होती, आणि ती मी एका दुपारात तीनचाकीवर बांधून गावभर फिरवून आलो होतो. "चुकलं माझं," मी म्हणालो. लग्नानंतर हे मी पहिल्यांदाच साक्षीदारांसमोर म्हणत होतो.

आर्नेलने थर्मोस्टॅट बदलला. फ्रीझर घरघरू लागला आणि चारही बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने झाकण लावलं. झाकण परत वर आलं. पुन्हा लावलं, पुन्हा वर.

"बिजागरी मोडलीय," तो म्हणाला. "हे वॉरंटीत बसत नाही." त्याने फॉर्म काढला. नुकसानीचं कारण म्हणून पूर, वीज, उंदीर असे पर्याय छापले होते. त्याने थोडा विचार केला आणि 'इतर' वर खूण करून पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नवरा'. मला खाली सही करावी लागली.

"नवीन बिजागरी यायला आठ दिवस," आर्नेल म्हणाला.

"आठ?" लुर्दिताचा आवाज चिरकला. "सहाशे कँड्या आहेत माझ्या! झाकण लागलं नाही तर गोठणार कशा?"

"सोपं आहे, मॅम. तोवर झाकणावर काहीतरी जड ठेवा. घरात दुसरीकडे कुठे फारसं लागत नाही, असं काहीतरी."

लुर्दिता आणि निनांग, दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

सान रोकेची मिरवणूक मी बँडच्या आवाजावरूनच ऐकली, झाकणावर बसून. दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन म्हणायचं, "मानोंग, जरा उठा, कँडी काढायचीय."