भुन्टेच्या वाटणीचं

वैशाख : ८४ − ५८ = २६.

भुन्टेचा मागचा गुडघा कामातून गेला होता. वजन वीस किलोवर आल्याशिवाय आपण त्याला चाकू लावणार नाही, असं डॉक्टर रेग्मींनी सांगून टाकलं. लंगडा कुत्रा काट्यावर एकटा उभा राहीना, म्हणून मेनुका मिस त्याला उचलून काट्यावर चढल्या. दोघांचे मिळून चौऱ्याऐंशी किलो. मिसचे एकटीचे अठ्ठावन्न. ते डॉक्टरांनी कार्डावर कायमचे लिहून ठेवले. उरला तो कुत्रा.

जेठ : ८४ − ५८ = २६.

भुन्टेचा तूप-भात बंद झाला. डॉक्टरांच्या तक्त्याप्रमाणे उकडलेला भोपळा आणि बिनमिठाची कोंबडी, तीही वाटीने मोजून. मिसचे यजमान लोकनाथ मात्र सवयीने सकाळी त्याच्या वाटणीचा भात शिजवतच राहिले. शाळेत तीस वर्षं मुलांना डबा संपवायला लावलेली मुख्याध्यापिका तो भात फेकणार कशी? ओट्यापाशी उभ्या उभ्या तो संपवून टाकायची.

असार, साउन, भदौ, असोज : २६, २६, २६, २६.

मिसनी लोकनाथांचे खिसे तपासले. "अगं, मी त्याला बडीशेपसुद्धा दिलेली नाही," ते म्हणाले. भुन्टे हिमालयातल्या भोटे जातीचा, अंगावर गोधडीसारखे केस. आत किती कुत्रा शिल्लक आहे हे कुणालाच दिसत नव्हतं.

कार्तिक.

हे शेवटचं वजन. उतरलं नसेल तर गुडघ्याचा नाद सोडायचा, असं ठरलेलं. आणि डॉक्टरांनी गावी जाण्यापूर्वीची वेळ दिली ती नेमकी कुकुर तिहारच्या, कुत्र्यांना पुजून खाऊ घालायच्या सणाच्या, दुपारची. त्या दिवशी नेपाळातल्या पाटणच्या गल्लीतून कुत्रा उपाशी नेणं म्हणजे वरातीतून नवरदेव लपवून नेणं.

पहिल्याच दारात शेजारच्या वहिनी, देवकुमारी भाउजू, ताट घेऊन उभ्या. टिळा लावा, माळ घाला, पण खायला नको, असं मिसनी हात जोडून सांगितलं.

"कुत्र्याच्या दिवशी कुत्रा उपाशी? यमाच्या दारात हेच बसलेले असतात. तिथे जाब कोण देणार, तू?"

"मग त्याच्या वतीने मी खाते," मिस म्हणाल्या, आणि तांदळाच्या पिठाची तळलेली गोड सेलरोटी अख्खी संपवून पुढे निघाल्या.

टिळा पुसून पाहिला, तर पुढच्या घरची माणसं हळहळली, याला अजून कुणीच पुजलं नाही म्हणून. टिळा ठेवला, तर त्यापुढची म्हणाली, सगळ्यांनी पुजलाय, मग आमचाच काय गुन्हा? दवाखाना येईतो भुन्टेच्या गळ्यात सात माळा होत्या, आणि मिसच्या पोटात साडेचार सेलरोट्या, दोन उकडलेली अंडी.

माळा बरोबर आलेल्या लोकनाथांच्या हातात देऊन मिस काट्यावर चढल्या.

चौऱ्याऐंशी.

"काटा बिघडलाय तुमचा."

"कालच तपासून घेतलाय, मिस."

"सहा महिने हा भोपळा खातोय, डॉक्टर. साधू झाला असता एखादा." मिसचा आवाज शाळेत चढायचा तसा चढला आणि मध्येच फुटला. "आता जन्मभर तीन पायांवर चालायचं का त्याने?"

डॉक्टरांनी भुन्टेला थोपटायला केसांत हात घातला. हात बराच आत गेला. बोटं बरगड्यांवरून एकेक करत फिरली. मग त्यांनी सहा महिन्यांत पहिल्यांदाच मिसकडे नीट पाहिलं.

"त्याला जरा खाली ठेवता? तुम्ही मात्र तशाच उभ्या राहा."

काटा थांबला. मुख्याध्यापिकेचे मार्क मोठ्याने वाचायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती; ती लोकनाथांनी केली.

"चौसष्ट."

८४ − ६४ = २०.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तिहारनंतरची तारीख लिहिली. मग शेजारून आलेल्या सणाच्या ताटातली सेलरोटी काढून अर्धी भुन्टेपुढे धरली. आज त्याचा दिवस. भुन्टेने आधी मिसकडे पाहिलं. मिसनी मान हलवताच दोन घासांत संपवली.

उरलेल्या अर्ध्या रोटीकडे मिसचा हात सवयीने पुढे गेला. डॉक्टरांनी ताट अलगद मागे ओढलं, आणि त्या हातात भोपळ्याचा तक्ता ठेवला. वरचं भुन्टेचं नाव खोडलेलं होतं.