खालचं ते माझं

कुणी ताडी प्यायला बसलं, की आमचे शेजारी हरीनाना त्याच्या मडक्याकडे टक लावून बघत. परक्याला वाटे, बिचाऱ्याला घोटभर हवी असेल. पण नाना माळकरी. ताडीचा थेंब कधी ओठाला लागला नव्हता. त्यांना हवा असे तळाचा पांढरा गाळ. "वरची तुम्ही प्या रे, खालचं ते माझं!"

तो गाळ पाणी बदलून बदलून धुवायचा, केळीच्या पानावर सावलीत सुकवायचा आणि गूळ घालून गोळ्या वळायच्या. तोंड आलं, गोळी. भूक मेली, गोळी. म्हैस दूध देईना, तिलाही गोळी. गुण यायचा हे खरं, पण नानांच्या अंगाला असा वास, की भजनात त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राही. "देवाला वास येत नाय, यांनाच येतो," म्हणत ते ऐसपैस मांडी घालत.

मग दारूबंदी आली. मडकी गेली, गाळ गेला. नानांनी शेवटचा गाळ विरजणासारखा बरणीत गुळाच्या पाण्यावर जगवला. लागेल तेवढा काढून उकळायचा, उरलेला वाढू द्यायचा. वसईभर शोधूनही दुसरा मिळाला नसता.

त्याच सुमारास माझी बायको बाळंत झाली. पाय सुजले, बधिर झाले, उभं राहवेना. डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन मुंबईहून काही येईना. नाना रोज वाटी घेऊन दारात हजर. "सूनबाई, नाक दाब नि गिळ." हळूहळू ती भिंत धरून चालू लागली.

आणि वासाच्या मागावर हवालदार नानांच्या घरी आला. बरणी उचलून ओतायलाच निघाला.

"औषध हाय ते, सायेब!"

"मग पिऊन दाखव."

नानांनी गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आणि बरणी तोंडाला लावली. डोळे पांढरे झाले, जीभ बाहेर आली. हवालदार पोट धरून हसला. "पिणाऱ्याचं तोंड असं होत नाही," म्हणत बरणी ठेवून गेला.

नाना पायरीवर बसून थुंकत राहिले. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "ओतू द्यायचं होतं, नाना. माळ कशाला उतरवलीत?"

"आमची लेक मथुरा अशीच गेली," ते म्हणाले. "बाळंतपनात, पाय सुजून. डॉक्टर मागाहून बोलला, ताडीच्या गाळातपन औषध होतं म्हनून."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं?"

"ताडी काढणारा भंडारी आमच्याच वाडीत मडकी धुवायचा रे. सगळा गाळ मी माडाच्या मुळात ओतायचो. त्या वर्षी माड कसा फोफावला होता!"