केबिनात दिवा

हौसेने घेतलेल्या जुन्या बोटीच्या केबिनात दिवा नव्हता. मागच्या खेपेला मेव्हण्याचं डोकं अंधारात चौकटीवर आपटलं. टेंगूळ चोळत तो म्हणाला, "भाऊजी, वायरमन बोलवा. हे तुमचं काम नव्हे."

झालं. भाऊजींना (मेव्हण्याचे ते भाऊजी, म्हणून आपणही भाऊजीच म्हणू) हे वाक्य बोचलं. आजवर त्यांनी घरात फक्त बल्ब बदलला होता, तोही बायकोने स्टूल धरल्यावर. तरी ते बाजारात जाऊन वायरचं भेंडोळं, स्विच आणि दिवा घेऊन आले. रविवारी संध्याकाळी मेव्हणा बोटीवर चहाला येणार होता. त्याच्या आत केबिन उजळायचंच.

बॅटरी मागे इंजिनापाशी. केबिनापासून तिथवर कडेने एक बोळकांडी, तिच्या शेवटी भोक असलेली फळी. भाऊजी वायरचं टोक घेऊन, श्वास सोडून आत शिरले. पोट मागाहून आलं. आतल्या जुन्या वंगणात ते कोपरापर्यंत माखले. बायको फळीपलीकडून आकडा वाकवलेली तार भोकातून आत सारणार होती.

"आकडा आला का?"

"आला. थांब, वायर अडकवतो."

आकडा पोटाशी, हात डोक्यापाशी आणि काळोख मिट्ट. कुठेतरी काहीतरी अडकलं.

"ओढू?"

"थांब."

फळीतून तिला नेमकं उलटं ऐकू गेलं.

"येतंय हो. पण वायर इतकी मऊ कशी?"

"ती वायर नाही."

"मग?"

"पायजम्याची नाडी."

पलीकडे बराच वेळ खुसखुस. "बाहेर येता का?"

"नाही. आकडा परत पाठव."

या वेळी वायर गेली. भाऊजी मात्र तिथेच अडकले. शेवटी बायकोने केबिनात येऊन त्यांना पाय धरून ओढलं. (आधी पायजमा आला.) मग तिने बॅटरी जोडली, भाऊजींनी भिंती चाचपत छतापर्यंत वायर ठोकली आणि स्विच दाबला.

लख्ख उजेड पडला. भाऊजींचा ऊर भरून आला. बायको मात्र दिव्याकडे बघत नव्हती. तिने परवाच पांढऱ्या रंगवलेल्या भिंतींवर, छतावर, उशांच्या अभ्र्यांवर भाऊजींचे काळेकुट्ट पंजे उमटले होते.

बाहेर पावलं वाजली.

"दादा आला. दिवा बंद करा."

"अगं, पण..."

"बंद करा म्हणते ना."

मेव्हण्याने अंधारात चाचपडत कप शोधला. "वाईट वाटून घेऊ नका, भाऊजी," तो मायेने म्हणाला. "माझ्या ओळखीचा एक वायरमन आहे. पाठवू?"

भाऊजींचं बोट स्विचवर होतं. बायकोने ते घट्ट धरून ठेवलं.

"पाठव," ती म्हणाली. "आणि कुणी रंगारी असला तर त्याला आधी पाठव."