मालकमची झारी आणि सासूबाईंचा पंचा

“शनिवारी अकराला माझ्या गॅरेजमध्ये या. आधी डोळ्यांनी बघा, मग बोला!” स्वातीने भर मीटिंगमध्ये ठणकावलं आणि नॉटिंगहॅमच्या त्या होमब्रू, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांच्या, क्लबातल्या अकरा दाढ्या एकदम तिच्याकडे वळल्या.

भांडण होतं धान्य धुण्याचं. बिअरसाठी माल्ट लागतं. म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात तासभर भिजवायचे, खालच्या नळाने गोड पाणी काढून घ्यायचं आणि चोथ्यात उरलेली गोडी पुन्हा गरम पाणी घालून धुऊन काढायची. या धुण्याला म्हणतात स्पार्जिंग. क्लबचा अध्यक्ष मालकम हे पाणी झारीने घालायचा, थेंब थेंब, दीड तास. स्वाती बादलीभर पाणी एकदम ओतायची, ढवळायची, काढून घ्यायची. वीस मिनिटांत काम फत्ते. आठवडाभर हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या मोजणाऱ्या बाईला शनिवारी झारी धरून उभं राहायची काय हौस असणार? पण क्लबचा नियमच होता, की उन्हाळी जत्रेत मांडायची बिअर झारीच्या पद्धतीनेच झालेली हवी. पाच वर्षं स्वाती त्या जत्रेत दुसऱ्यांचे ग्लास विसळत होती. यंदा तिला तिथे स्वतःचा पिंप हवा होता. हवा म्हणजे हवाच.

पैज अशी ठरली, की तिच्या पद्धतीने काढलेल्या पाण्याची गोडी मालकमच्या हायड्रोमीटरवर १०५०, म्हणजे क्लबच्या भाषेत ‘दहा पन्नास’, भरली तर नियम रद्द. नाही भरली तर स्वातीने जन्मभर झारी धरायची.

“कशाला पंगा घेतलास?” नवरा म्हणाला. “दीड तास पॉडकास्ट ऐकत झारी धरली असतीस, झालं असतं.”

“नकुल, तू गप्प बस. प्रश्न दीड तासाचा नाहीये.”

शुक्रवारी संध्याकाळी तिने पाच किलो माल्ट हातगिरणीवर भरडलं, अगदी बेताचं. दाणा फुटला पाहिजे, पण टरफल शाबूत राहिलं पाहिजे, कारण त्या टरफलांतूनच तर पाणी गाळून खाली येतं. डब्यावर झाकण ठेवून ती निर्धास्त झोपली. इथेच चुकलं.

शनिवारी मालकम अकराला पाच कमी असताना हजर. हातात स्वतःचा हायड्रोमीटर, गळ्यात स्टॉपवॉच. नकुलने डबा न बघताच गरम पाण्यात उपडा केला होता आणि माल्ट तासभर भिजून झालं होतं. स्वातीने ऐटीत नळ उघडला. तीन थेंब आले. चौथा येता येता थबकला.

तिने झाकण काढून आत डोकावलं, तर भिंतीला पोस्टर चिकटवायला खळ करतात ना, तस्सं सगळं. टरफलाचा पत्ता नाही.

“अडकलं,” मालकम म्हणाला. दुःखाने म्हणायला हवं होतं, पण तेवढं काही त्याला जमलं नाही.

एवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन गॅरेजमध्ये आल्या. सुप्रभाबाई पंधरा दिवसांपूर्वीच पुण्याहून आल्या होत्या. सूनबाई बिअर करते हे पहिल्याच दिवशी कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “करायची तर नीट कर.”

“काय गं, झालं का तुझं?”

“आई, हे पीठ झालंय! मी भरडून ठेवलं होतं.”

“हो, बघितलं ना काल. टरफलं काय, अर्धेमुर्धे दाणे काय! म्हटलं, नोकरी करून दमते पोर, दळण धड झालं नाही बिचारीचं. मग तुम्ही झोपल्यावर ती लेस्टरहून आणलेली घरघंटी लावली आणि दोनदा काढलं. भाकरीच्या पिठासारखं झालंय बघ, मऊसूत!”

स्वातीने कपाळावर हात मारला. सासूने मायेने घात केला, आता भांडायचं तरी कोणत्या तोंडाने? कोपऱ्यात नकुलने चहाचा कप उचलला आणि स्वतःचं तोंड त्याच्याआड लपवलं.

“त्या काय म्हणतात?” मालकमने विचारलं.

“गुड मॉर्निंग म्हणतात,” स्वाती म्हणाली.

“मग आपण थांबू या का? हरकत नाही, स्वाती. झारी मी देईन. माझ्याकडे जुनी आहे.”

जुनी आहे! स्वातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बादली आपटली. “पैज गोडीची आहे, मालकम. गोडी या भांड्यात आहे आणि मी ती काढणार. आई, चीक कसा काढायचा?”

सुप्रभाबाईंचे डोळे लकाकले. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढलेली बाई ती! “अगं, मग आधी नाही का सांगायचंस? नकुल, माझ्या बॅगेतला तो कोरा पंचा आण, उकळत्या पाण्यातून काढून. आणि भांडी घासायचे ग्लोव्ह्ज आण. दोन जोड.”

पंचा आला. त्यात तो लगदा ओतला. एक टोक सासूने धरलं, एक सुनेने, आणि दोघींनी पीळ भरायला सुरुवात केली. खालच्या पातेल्यात मधाच्या रंगाची धार लागली.

“पिळायचं नाही!” मालकम जवळजवळ ओरडला. “धान्य कधीही पिळायचं नाही! बिअर तुरट होते!”

“माझी बिअर, माझं पीठ, माझी सासू,” स्वाती दात आवळून म्हणाली. “तुम्ही चहा घ्या!”

मग चोथ्यावर दुसरं पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा पीळ. मग तिसरं. स्वातीच्या केसांत पीठ, सासूबाईंच्या चष्म्यावर पीठ, आणि मालकमच्या दाढीवर कुठून उडालं देव जाणे. शेवटी चोथा भुशासारखा कोरडा पडला.

मालकमने नमुना थंड करून नळीत ओतला. हायड्रोमीटर आत सोडला. वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“दहा... अठ्ठावन्न.”

“किती हवे होते?” सुप्रभाबाईंनी विचारलं.

“दहा पन्नास,” स्वाती म्हणाली.

“मग? बारीक दळल्याशिवाय उतरलं असतं का एवढं?”

मालकम माणूस मात्र शब्दाचा. त्याने खिशातून क्लबची वही काढली आणि उभ्या उभ्या तो नियम खोडला. स्वातीने एवढी मोठी आरोळी ठोकली, की शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या. पाच वर्षांचे विसळलेले ग्लास वसूल झाले!

पुढच्या शनिवारी जत्रेचा दुसरा पिंप करायचा होता. या वेळी भरड स्वातीच्या मनासारखी होती, कारण डबा तिने कपाटात कुलपात ठेवला होता. तिने नळ उघडला, पहिलं पाणी झरझर आलं. मग तिने बादली उचलली, तोच मागून हात आला.

“थांब. असं भसाभसा नाही ओतायचं. पाणी कसं सावकाश, धार धरून घालावं. परवा तो दाढीवाला खुणेने तेच सांगत होता मला. समजूतदार आहे हो माणूस. त्याने बघ काय पाठवलंय.” सुप्रभाबाईंनी पदराआडून झारी काढली. जुनी.

क्लबातला नियम घरात राहायला आला होता, आणि सासूबाईंचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं.

स्वातीने झारीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि अख्खी बादली भसकन ओतली.

सुप्रभाबाईंनी झारी खाली ठेवली आणि पदर खोचला.

“हट्टी आहेस,” त्या म्हणाल्या. “आण तो पंचा.”