मास्तरांचा दुसरा संसार

मास्तरांनी घरातून पहिल्यांदा नेला तो फक्त एक झारा. झारा नेण्यात काही पाप आहे असं कोणीही म्हणणार नाही. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, त्याही म्हणाल्या नाहीत. "संध्याकाळी आठवणीने परत आणा म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या. पुढे जे महाभारत झालं त्याचं मूळ या झाऱ्यात आहे.

मास्तर म्हणजे आमचे इंग्रजीचे मास्तर. इकडे वर्षानुवर्षं शिकवून त्यांनी कित्येकांना इंग्रजीची कायमची धास्ती बसवली होती, आणि त्या अनुभवाच्या जोरावर त्यांना परदेशात, प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलं, तेही इंग्रजीत, त्यामुळे ते फार चांगलं झालं असणार. (आम्हाला कळलं नाही, टाळ्या मात्र मनापासून वाजवल्या.) मेव्हणे म्हणाले, "दाजी, निदान वर्षभर तरी टिका हो." मास्तर नुसते हसले. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, शेवटी प्राचार्य स्वतः वर्गात येऊन बसणार, आणि विद्यार्थी इंग्रजी बोलताना दिसले नाहीत तर गाशा गुंडाळून परत यायचं, हे त्यांनी मेव्हण्यांना सांगितलंच नव्हतं. वहिनींना सांगितलं, ते विमानात बसल्यावर, पट्टे बांधून झाल्यावर.

आणि विद्यार्थी तर बोलत नव्हते. एक बेकरीवाला, एक पोस्टमन, केशकर्तनालय चालवणारी एक ठसठशीत बाई आणि आणखी आठ-दहा जण दुपारी आपापली कामं उरकून यायचे, प्रेमाने हसायचे आणि पुढचा तासभर मूग गिळून बसायचे. मास्तरांना कारण कळेना. आम्हाला, म्हणजे ज्यांनी मास्तरांच्या हाताखाली वर्षं काढलीत त्यांना, विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. कोणी तोंड उघडलं की तिसऱ्या शब्दाला मास्तरांचा हात वर जायचा. "थांबा. परत म्हणा." परत म्हणताना दुसऱ्याच शब्दाला हात वर. सकाळपासून काय काय केलं हे सांगायला उभा राहिलेला बेकरीवाला तास संपला तरी अंथरुणातून उठलेला नसे.

घरी वहिनींचीही तीच गत. वहिनींना कामापुरतं इंग्रजी येत होतं, आणि परक्या मुलुखात जरा सराव होईल म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मास्तरांना इंग्रजीतून 'दार लावा' असं सांगून पाहिलं. त्या वाक्याची दुरुस्ती चालली होती तेवढ्यात उघड्या दारातून जिन्यावरचं मांजर आत आलं आणि दूध पिऊन गेलं. तेव्हापासून वहिनींनी इंग्रजीला रामराम ठोकला.

तर मास्तरांनी निदान केलं की शब्द डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून जिभेवर येत नाहीत. वस्तूच हातात द्यावी! म्हणून झारा. (झाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात हे त्यांना स्वतःला कोशात बघावं लागलं, पण ते राहू द्या.) झारा वर्गात हातोहात फिरला. पोस्टमनने त्याच्या भोकांतून शेजारणीकडे बघितलं आणि अख्खा वर्ग हसला. बोललं कोणी नाही, पण हसले तरी! मास्तरांना आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी कढई गेली. मग चाळणी, आरसा, इस्त्री, उशी, घडीची खुर्ची. परत काही येईना, कारण 'उद्याही लागणारच की.' हळूहळू वर्गाला घराची कळा आली आणि घर धर्मशाळेसारखं दिसायला लागलं.

"अहो, चाळणी कुठंय?"

"वर्गात."

"आणि माझा एप्रन?"

"वर्गातच."

"उशीसुद्धा? मग मी डोकं कुठे टेकू?"

"अगं, थोडे दिवस कळ काढ. नोकरी पक्की झाली की कापसाचा डोंगर आणतो."

"तोवर चमचे तरी ठेवा घरात," वहिनी म्हणाल्या. मास्तरांनी चमचे ठेवले. काटे नेले.

आता हे सगळं नेताना मास्तरांना लाज वाटायची. शिक्षकाने भर दुपारी कढई मिरवत जावं हे काही बरं दिसत नाही. म्हणून ते वस्तू कोटाखाली दडवायचे, जिना चवड्यांवर उतरायचे आणि तळमजल्यावरच्या खिडकीपाशी आले की मान खाली घालून सटकायचे. त्या खिडकीत घरमालकीणबाई विणत बसलेल्या असायच्या. साठीच्या, भारदस्त, आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या. त्या रोज बघत होत्या. माणूस दुपारी पोट फुगवून बाहेर जातो आणि संध्याकाळी सपाट होऊन परत येतो. एके दिवशी कोटाखालून उशीचा कोपरा डोकावला आणि बाईंना सगळा उलगडा झाला. हा माणूस बायकोला सोडून चालला होता. एकदम नाही. हप्त्याहप्त्याने.

बाई तडक वर आल्या. वहिनींनी दार उघडलं. बाईंनी घर पाहिलं. बसायला खुर्ची नाही, भिंतीवर आरसा नाही. त्यांचे डोळे डबडबले. त्या सतरंजीवर बसल्या, वहिनींचा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत खूप काही बोलल्या. वहिनींना एक अक्षर कळलं नाही, पण डोळ्यांतलं पाणी कळायला भाषा लागत नाही. बिचारीवर काहीतरी संकट कोसळलंय! नवरा गेला असेल, नाही तर मुलगा विचारत नसेल. वहिनींनी बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. बाईंना वाटलं, काय सोशिक पोर आहे, स्वतःवर एवढा प्रसंग आणि धीर मला देतेय! त्यांना हुंदकाच फुटला. मग वहिनींनाही आवरेना.

पुढे हा नेमच झाला. मास्तर गेले की बाई वर यायच्या आणि दोघी एकमेकींच्या दुःखाने पोटभर रडायच्या. खरं सांगायचं तर वहिनी दुपारची वाट बघायला लागल्या होत्या. त्या गावात त्यांचा हात हातात घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

"खालच्या बाईंना मोठं दुःख आहे हो," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तर विचारात पडले. दुःख ही वस्तू वर्गात कशी दाखवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

होता होता प्राचार्य येण्याचा दिवस उजाडला. वर्गात घराचा देखावा पुरा झाला होता, फक्त दिव्याची उणीव होती. घरातल्या खोलीच्या कोपऱ्यात एक पुरुषभर उंचीचा, झालरीच्या टोपीचा दिवा होता. तो कोटाखाली मावेना. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं आणि खांद्यावर टाकला. दिवा घरमालकीणबाईंचा होता.

खिडकीतून आपलाच दिवा जाताना बघून बाईंच्या हातातलं विणकाम गळालं. आता मात्र हद्द झाली! त्या वर आल्या, वहिनींचा हात धरला आणि ओढतच जिना उतरल्या. वहिनी समजल्या की बाईंवर अखेरची वेळ आली. त्यांनी जाताजाता एक धुतलेला रुमाल घेतला, असू द्यावा म्हणून. मास्तरांचा माग काढणं अवघड नव्हतं. रस्त्यावर खांद्यावर दिवा घेतलेला तो एकच माणूस होता.

इकडे वर्गात प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले होते. संवाद घरगुती होता. नवरा कामावरून येतो, बायको विचारते, "आलात? दमलात का?" आणि चहा देते. नवरा व्हायला कोणी तयार होईना, म्हणून मास्तरच झाले. बायको झाली केशकर्तनालयवाली. अंगावर वहिनींचा एप्रन. ती म्हणाली, "आलात?" मास्तरांचा हात वर गेला. "थांबा. परत म्हणा." असं चारदा झालं. नवरा काही केल्या घरात येईना. प्राचार्यांनी घड्याळात बघितलं. संपलं, मास्तरांना वाटलं. परत जायचं, मेव्हण्यांना तोंड दाखवायचं. केशकर्तनालयवालीने घाबरून पाचव्यांदा वाक्य धडपणे म्हटलं, मास्तरांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या एका हातात कप दिला, दुसऱ्या हातात उशी दिली, आणि दार धाडकन उघडलं.

बाईंनी पाहिलं. त्यांचा दिवा पेटलेला. आरसा टांगलेला. घडीच्या खुर्चीत त्यांचा भाडेकरू ऐसपैस बसलेला, आणि त्याला हसून चहा देणारी ती बया! बाईंनी तोंडाचा जो पट्टा सोडला तो शेजारच्या तीन वर्गांनी ऐकला. भाषा त्यांची स्वतःची. मास्तरांना कळेना, वहिनींना कळेना. वर्गाला मात्र शब्दन्‌शब्द कळत होता.

"काय म्हणताहेत या?" मास्तरांनी इंग्रजीत विचारलं.

बेकरीवाला उभा राहिला. "त्या म्हणतात, तुम्ही वाईट माणूस," तो इंग्रजीत म्हणाला. (त्याचं इंग्रजी जसंच्या तसं दिलं तर मास्तरांना आजही ताप भरेल, म्हणून मराठीत सांगतो.) सवयीने मास्तरांचा हात वर जाणार होता, पण एका हातात भरलेला कप आणि दुसऱ्यात उशी. हात जाईना. बेकरीवाला सुटला. "त्या म्हणतात, तुम्ही बायको सोडली. थोडी थोडी सोडली!"

"आधी उशी, मग खुर्ची!" पोस्टमन उठला. "आणि आज दिवा. दिवा यांचा आहे!"

"मला बया म्हणतात!" केशकर्तनालयवाली ओरडली. "मी बया नाही! मी विद्यार्थिनी!"

"मला सोडलं?" वहिनी म्हणाल्या, आणि नकळत इंग्रजीत म्हणाल्या. "मला कोणी नाही सोडलं. मग या रोज रडत होत्या त्या कशासाठी?"

दहा जणांनी मिळून बाईंना विचारलं. उत्तर आलं. "त्या म्हणतात, तुमच्यासाठी. आणि त्या विचारतात, तुम्ही कशासाठी?"

"मी यांच्यासाठी!"

हे उलटं भाषांतर होऊन बाईंपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. पोचलं तशा बाई मटकन बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. वहिनीही हसायला लागल्या. आणि हसता हसता वहिनींचं हसू थांबलं.

"पण सोडलं नाहीत तरी सोडल्यासारखंच आहे," त्या मास्तरांना म्हणाल्या. मराठीत सुरुवात केली, तर वर्ग गयावया करू लागला, "इंग्रजीत, बाई, इंग्रजीत! आम्हाला कळत नाही!" मग वहिनींनी पदर खोचला आणि इंग्रजीत घेतलं. "तुम्ही सामान आणलं, मी काही बोलले नाही. पण मी दिवसभर एकटी असते. भिंतींशी बोलते. तुम्ही घरी येता तेव्हा मला बोलायचं असतं, तर तुम्ही माझं वाक्य तपासता. मी काय सांगतेय ते कधी ऐकता का? या बाईंना माझं एक अक्षर कळत नाही, पण त्या ऐकत होत्या."

यात काय काय चुका होत्या ते मास्तरांना दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"सर, नको!" अख्खा वर्ग ओरडला.

मास्तरांनी तोंड मिटलं. आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी चुका सोडून नुसतं ऐकलं. त्यांना फार वाईट वाटलं. एवढ्या लांब जिला घेऊन आलो, तिच्या हाताला धरायला खालच्या बाईंना यावं लागलं. "चुकलं माझं," ते हळूच म्हणाले.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" वर्ग.

"चुकलं म्हणतात," वहिनींनी सांगितलं. "लग्नानंतर पहिल्यांदा."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग जो गलका झाला तो काही विचारू नका. बेकरीवाल्याने आपल्या बायकोची तक्रार सांगितली, केशकर्तनालयवालीने बेकरीवाल्याच्या बायकोची बाजू घेतली, पोस्टमन मध्यस्थी करायला गेला आणि दोघांकडून ऐकून बसला; सगळं इंग्रजीत, धबाधबा, वाकडंतिकडं. मास्तर कप आणि उशी धरून बसून होते. तास कधी संपला कोणाला कळलं नाही.

सगळे पांगल्यावर प्राचार्य पुढे आले.

"तुमची नोकरी पक्की," प्राचार्य म्हणाले.

मास्तरांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. मग ऊर भरून आला. "सर, मी पहिल्यापासून म्हणतोय, वस्तू दाखवून शिकवण्याची ही जी पद्धत—"

"सामान सगळं घरी न्या," प्राचार्य म्हणाले, आणि वहिनींकडे वळले. "बाई, आठवड्यातून एकदा तुम्ही वर्गावर याल का? रीतसर पगार देऊ."

"मी?" वहिनी गोंधळल्या. "मी काय शिकवणार?"

"आज शिकवलंत तेच."

"आणि मग हे?" वहिनींनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

"ते समोर हवेतच," प्राचार्य म्हणाले. "त्यासाठीच तर त्यांना पक्कं केलंय. नाही तर तुम्ही रागावणार कोणावर?"