उघड्या डोळ्यांचा फोटो

"ओ फोटोवाले काका, तुमच्या फोटूत समदी माणसं डोळे मिटून का बसलेली असत्यात?"

प्रश्न शरणम्मानं विचारला, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. मुरूम गावच्या मुलींच्या शाळेत गेल्या साली तपासणीला मोठे साहेब आले होते, तेव्हाचा फोटो वर्गात भिंतीवर टांगलेला होता. त्यात साहेब, मास्तरीणबाई, मागचा शिपाई, सगळ्यांचे डोळे गच्च मिटलेले आणि एक साहेब सोडले तर सगळ्यांचे हात जोडलेले. तोच फोटोवाला आता शरणीच्या घरी येणार म्हटल्यावर मैत्रिणींनी पैज लावली: तोंडावर विचारून दाखव, ओंजळभर चिंचा देऊ. वर्षापूर्वीची शरणी असल्या माणसाला बघून दाराआड गेली असती. पण यंदा तिनं शाळेत भाषण ठोकून बक्षीस आणलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला दार राहिलं नव्हतं.

सोलापूरहून आलेला विरुपाक्ष तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा बसवत होता. त्यानं मानही वळवली नाही.

"माझ्या हातात निस्तं ताट असतंय, पोरी," तो म्हणाला. "डोळे ज्याचे त्याच्याकडं."

प्रसंग होता शरणीच्या थोरल्या बहिणीच्या, इराक्काच्या साखरपुड्याचा. नवरामुलगा हैदराबादला कचेरीत नोकरीला. त्याला रजा नव्हती, म्हणून त्याचे मामा धोंडप्पा सुपारी फोडायला आले होते. सगळं जमलं होतं, अडलं होतं ते इराक्काच्या डोळ्यांपाशी. आधी एक स्थळ बारगळलं होतं, त्या लोकांनी मुलगी तिरळी आहे म्हणून उठवून दिलं आणि ते हैदराबादपर्यंत पोचलं. मुलानं मामांच्या हाती चिठ्ठी दिली होती: मुलीचा डोळे उघडे असलेला फोटो येईपर्यंत लग्नाची तारीख धरू नये.

आप्पा, म्हणजे शरणीचे वडील कल्याणप्पा, म्हणाले, तुम्ही सोता समोर बसून बघताय की. यावर धोंडप्पांनी जाड भिंगांचा चष्मा काढून पुसला. "म्या बघतोय हो. पन भाचा म्हणतोय, मामाला उंट आन् म्हैस यातला फरक कळत न्हाय."

मुहूर्त दिवेलागणीचा. माजघरात कंदील होते, पण तेवढ्या उजेडात फोटो निघणार नव्हता. म्हणून विरुपाक्षानं उजेडाची भुकटी आणली होती. ती पत्र्याच्या ताटात पसरायची, ताट उंच धरायचं आणि काडीनं पेटवायची. लढाईमुळे फोटो ज्यांवर उतरायचा त्या काचा मिळत नव्हत्या, त्याच्याकडे तीनच होत्या.

पहिल्या काचेच्या वेळी इराक्का इरकली नेसून पाटावर बसली, पाहुणे दाटीवाटीनं बसले. विरुपाक्षानं डाव्या हातात ताट उचललं, उजव्या हातानं पेटती काडी त्याच्याकडे नेली. काडी ताटाला लागायच्या आत सगळ्या माजघरानं डोळे मिटून हात जोडले. अव्वानं, म्हणजे शरणीच्या आईनं, तर शिवशिव म्हटलं. भुकटी भप्प झाली, वरच्या माळवदाची माती खाली गळली आणि पांढरा धूर सगळ्यांच्या अंगावर आला. मागच्या दोन बायकांनी तो हातानं ओढून घेऊन डोक्याला लावला.

शरणीला शाळेतल्या फोटोचं कोडं तिथंच उलगडलं. उंच धरलेलं ताट आणि त्यावर जाळ दिसला की तिच्या गावचा माणूस डोळे उघडे ठेवूच शकत नव्हता.

"ती आरती न्हाय," तिनं सगळ्यांना बजावून सांगितलं. धोंडप्पांनाही ते पटलं. त्यांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी आपापल्या हातांवर बसावं. दुसऱ्या काचेला सगळं माजघर हात बुडाखाली घालून, डोळे ताणून बसलं. पण जाळ झाला तो थेट तोंडावर. हात जागेवर राहिले, डोळे पटकन मिटले, आणि मग बराच वेळ ज्याला त्याला हिरव्या चकत्या दिसत राहिल्या. धोंडप्पांनी पानाचं तबक समजून शेजारच्या पाहुण्याच्या पागोट्यात हात घातला.

आता काच एकच उरली. इराक्काच्या डोळ्यांना पाणी येत होतं आणि ते धुरानं येतंय असं ती सांगत होती. शरणीला ते खरं वाटलं नाही.

आप्पांचं कापडाचं दुकान होतं. दुपारी ऊन तोंडावर येऊ नये म्हणून ते दारावर मांजरपाट सोडत. ऊन आत यायचंच, पण डोळ्यांना टोचायचं नाही. शरणी उठली आणि दुकानातून पांढऱ्या मांजरपाटाचं ठाण काखेत मारून आली. ताट या कापडाआड धरा, ती विरुपाक्षाला म्हणाली, म्हणजे जाळही दिसायचा न्हाय आणि उजेडही मऊ पडंल. विरुपाक्ष म्हणाला, निम्मा उजेड कापडच खाईल. शरणी म्हणाली, मग भुकटी दुप्पट घाला.

आप्पा फक्त म्हणाले, "ठाण नवं हाय."

कापडाचं एक टोक शरणीनं धरलं, दुसरं अव्वानं. पलीकडच्यांना काहीच दिसत नसल्यामुळे ते कुतूहलानं टकामका बघत राहिले. इराक्का शरणीकडे बघत होती, कारण शरणी तिला कापडाच्या कडेनं जीभ दाखवत होती. सगळं कापड चांदण्यासारखं उजळलं. पण अव्वा होती ताटाच्या बाजूला. तिला जाळ दिसला. तिनं हातातलं टोक सोडलं आणि भक्तिभावानं हात जोडले. ठाण ताटावर पडलं, आणि विरुपाक्षानं तांब्याभर पाणी ओतेपर्यंत त्याला भाकरीएवढं भोक पडलं.

काच धुऊन फोटो यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत इराक्का आरशापुढे बसून स्वतःचे डोळे तपासायची, आणि आप्पा भोकाचं ठाण उलगडून बघायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. फोटो आला. इराक्काचे दोन्ही डोळे टपोरे उघडे होते, एकाच दिशेला होते, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. धोंडप्पांचे डोळेही उघडे होते, आणि तोंडसुद्धा.

फोटो हैदराबादला गेला. महिन्याभरानं जाडजूड लखोटा आला. घरात पत्र वाचायचं आणि लिहायचं काम शरणीचं, कारण आप्पांचं अक्षर दुसऱ्या दिवशी आप्पांनाही लागत नसे. मुलानं लिहिलं होतं: मुलगी पसंत आहे, तारीख कळवावी, आणि रीत म्हणून माझाही फोटो पाठवत आहे.

शरणीनं फोटो बाहेर काढला. हैदराबादच्या दुकानात काढलेला, मागे रंगवलेला बगीचा. कोट, टाय, पायात बूट. डोळे गच्च मिटलेले, आणि हात जोडलेले.

आप्पांनी फोटो उजेडाकडे धरून बघितला. "मुलगा भाविक दिसतोय," ते म्हणाले.

अव्वानं सवयीनं फोटोलाही हात जोडले. इराक्कानं पदर तोंडात कोंबला होता, तरी हसण्यानं तिचे खांदे हलत होते. शरणीच्या मनात काय आलंय ते ओळखून ती मानेनंच नको नको म्हणाली, पण तसं म्हणताना तिची नजर शरणीकडे होती, आणि त्या नजरेत नको नव्हतं.

शरणीनं दौत आणि टाक पुढ्यात ओढला.

"आप्पा, अव्वा, म्या ठरवलंय," ती म्हणाली. "डोळे उघडे असलेला फोटो येईस्तोवर तारीख धरायची न्हाय. असं म्या लिवणार हाय. आन् लखोट्यासंगट ते भोकाचं ठाण हैदराबादला धाडायचं."