केबिनमधला माग

सोनिया मॅडमना केबिन मिळाली जूनमध्ये आणि गेली नोव्हेंबरमध्ये. मधल्या पाच महिन्यांत त्यांनी तिथं फिरती खुर्ची आणली, एसी चोवीसवर कायम केला आणि दारावर ‘प्रिन्सिपल’ अशी इंग्रजी पितळी पाटी ठोकून घेतली. चौदा वर्षं पाचवी-ब ला भूगोल शिकवल्यावर माणसाला स्वतःचं दार मिळालं, की ते आतून लावून बसण्यात काय सुख असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

शाळेचं नाव सरूबाई इंटरनॅशनल स्कूल. शेंद्र्याची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा काकासाहेबांनी दोन गोष्टी केल्या. एक मोठी काळी गाडी घेतली आणि एक इंग्रजी शाळा काढली. शाळेला आईचं नाव दिलं. सरूबाईंचं माहेर कन्नड तालुक्यातलं, सासर शेंद्र्याचं, आणि त्यापलीकडचा मुलूख त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. पण नावापुढे इंटरनॅशनल लावायला कुणी पासपोर्ट मागत नाही.

शाळेला आठवीपर्यंत परवानगी होती. नववी-दहावीची मान्यता आली तरच सोनिया मॅडमची नेमणूक कायम होणार होती, नाहीतर जूनमध्ये पुन्हा पाचवी-ब आणि पुन्हा सह्याद्रीच्या रांगा. मान्यतेच्या अर्जात एक नवाच रकाना होता : ‘विद्यार्थ्यांच्या समृद्ध शिक्षणासाठी व्यावसायिक कलाकारांना आमंत्रित करता का?’ मॅडमनी तिथं ‘होय’ लिहिलं. मग कलाकाराचा शोध सुरू झाला.

“कलाकारच पाहिजे ना?” काकासाहेब म्हणाले. “मंग पैठणच्या पारूबाईला आणतो. आपल्या लेकीच्या, श्रेयाच्या लग्नाची पैठणी तिलाच सांगितलीय. शाळंत बसून विणंल. पोरांचं शिक्षण बी हुईल अन् साडीवर आपलं ध्यान बी राहील.”

“छान कल्पना आहे सर. सेशन साधारण किती वेळाचं असेल?”

“आसंल की दोनेक तासाचं,” काकासाहेब म्हणाले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ साड्या घेतल्या होत्या, विणलेली एकही पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. त्यातून लाकडी खांब, तुळया, रेशमाचं बोचकं, एक सुतार आणि साठीच्या पारूबाई उतरल्या. त्यांचा चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला होता. त्यांनी सगळी शाळा फिरून पाहिली. हॉलमध्ये पारवे होते. चित्रकलेच्या खोलीत रस्त्याच्या कामाची धूळ येत होती. वर्गात खडूचा भुगा होता. शेवटी त्यांनी केबिनचं दार ढकललं आणि एसीच्या झुळकीत डोळे मिटून उभ्या राहिल्या.

“ही बरी हाय,” त्या म्हणाल्या. “रेशमाला आशीच गार जागा लागती.”

दोन तासांचाच प्रश्न होता. मॅडम मोठ्या मनाने म्हणाल्या, “प्लीज, प्लीज,” आणि बाहेर जाऊन फोटो काढायच्या तयारीला लागल्या. बारा वाजले तरी आत सुताराची ठोकाठोक चाललीच होती.

“अजून किती वेळ लागेल हो?”

“माग आज उभा राहील. मंग उभ्या धाग्यांचा ताणा जोडाया चार दिस.”

“चार दिवस? आणि मग?”

“मंग साडी.”

“साडीला किती वेळ लागतो?”

पारूबाईंनी बोटं मोजली. “तुमच्या मालकानं दोन्ही काठाला मोर सांगितलेत. लग्न माघात हाय ना? तवर उरकंल. मोर नसते तर लवकर झाली असती.”

मॅडम मटकन खाली बसल्या असत्या, पण त्यांच्या खुर्चीवर रेशमाचं बोचकं होतं. “मग आपण हा माग दुसरीकडे हलवू या.”

“ताणा लागला की माग हलत नाय, मॅडम. हलिवला की मोराच्या माना वाकड्या हुत्यात.”

मॅडमनी पाच दिवस दम धरला आणि सहाव्या दिवशी काकासाहेबांना फोन लावला. तोवर ताणा लागून गेला होता. काकासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “साडीवरच्या मोराची मान वाकडी निघाली ना मॅडम, तर श्रेयाची सासू पहिल्याच दिवशी आमची मान वाकडी करंल. ऱ्हाऊ द्या. कलाकार हाय ती, सांभाळून घ्या.”

अशा रीतीने सरूबाई इंटरनॅशनलच्या प्राचार्य जिन्याखाली, पाण्याच्या कूलरशेजारी आल्या. शिपाई सोमनाथने टेबल पुसत धीर दिला, “इथं हवा मस्त येते मॅडम.” हवा येत होतीच. तिच्याबरोबर दर तासाला दीडशे पोरं पाणी प्यायला येत होती आणि ओले हात फायलींवर झटकत होती.

इथपर्यंत सगळं सोसण्यासारखं होतं. पण या शाळेत व्रात्य मुलाला ‘गो टू प्रिन्सिपल्स केबिन’ म्हणायची पद्धत होती आणि ती पद्धत बदलायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पाचवीतला ऋतुराज एका पोराचा डबा लपवल्याबद्दल केबिनमध्ये गेला.

“काय केलंस रं?” पारूबाईंनी विचारलं.

“डबा लपवला.”

“काऊन?”

“माझ्या डब्यात भेंडी होती. त्यानेच आधी खाल्ली.”

“मंग बरं केलंस. ये, ही कांडी भर.”

तासाभराने ऋतुराज बाहेर आला तेव्हा त्याला कांडीवर जरीचा धागा गुंडाळता येत होता, मोराच्या एका पिसाला किती धागे लागतात ते पाठ झालं होतं आणि वर शेंगदाण्याचा लाडूही मिळाला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत नऊ डबे हरवले. आठवडाभरात तीन काचा फुटल्या, दोन शिक्षिकांच्या पर्समध्ये पाली निघाल्या. दरवर्षी पहिली येणारी सहावीतली संस्कृती तर स्वतःच्याच वहीचं पान फाडून स्वतःच वर्गशिक्षिकेकडे गुन्हा कबूल करायला गेली. शिक्षिका म्हणाल्या, “इट्स ओके, बेटा,” तेव्हा ती ढसाढसा रडली. बिचारीने मग दुसरं पान फाडलं.

पोरांपाठोपाठ पालक आले. करमाडकडचे कडुबा दोन वर्षं एकच तक्रार घेऊन येत होते. शाळेची बस त्यांच्या फाट्यावर थांबत नव्हती. रिसेप्शनवरची मुलगी “येस?” म्हणायची आणि तो एक शब्द ऐकूनच ते माघारी फिरायचे. या वेळी ती चहा प्यायला गेली होती. कडुबा थेट केबिनमध्ये शिरले आणि समोर आपल्या मावशीसारखी दिसणारी बाई पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

“बसा,” पारूबाई म्हणाल्या. “काय म्हंता?”

त्यांनी सगळं सांगितलं. पारूबाईंनी मागावरचा धोटा न थांबवता सोमनाथला हाक मारली. “ती गाडी ह्यांच्या फाट्यावर काऊन थांबत नाय? लहान लेकरू किती चालंल? थांबवा म्हनावं.”

सोमनाथने ड्रायव्हरला निरोप दिला. निरोप केबिनमधून आलाय एवढंच ड्रायव्हरला कळलं आणि बस थांबायला लागली. याच विषयावर सोनिया मॅडमनी ऑगस्टपासून चार परिपत्रकं काढली होती, चारही निर्दोष इंग्रजीत. त्यातलं एक ड्रायव्हरने जपूनही ठेवलं होतं, काच पुसायला.

सोनिया मॅडमना राग आला होता, वाईटही वाटत होतं. अगदी रडू यायचं. पारूबाई लबाड असत्या, जागा बळकावत असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या रोज सकाळी “मॅडम, च्या घ्या,” म्हणून जिन्याखाली स्वतः कप आणून द्यायच्या. आपल्याच केबिनमधून आपल्याला चहा यावा, याहून मोठा अपमान मॅडमना सुचत नव्हता.

जानेवारीत शिक्षण मंडळाच्या समितीचं पत्र आलं. तपासणी बुधवारी. मॅडमनी बेत आखला. मंगळवारी संध्याकाळी पितळी पाटी काढून स्टाफरूमच्या दाराला लावायची, फिरती खुर्ची तिथं न्यायची आणि केबिनवर ‘आर्टिस्ट स्टुडिओ’ असा फलक चिकटवायचा. शिवाय पैठणीची माहिती आपणच समितीला द्यायची, कारण पारूबाईंच्या भाषेचा भरवसा नव्हता. माहिती त्यांनी इंग्रजीत पाठ केली. वातावरणनिर्मिती म्हणून नणंदेची पैठणीही मागून आणली.

बेतात खोट नव्हती. समिती दोन दिवस आधी आली होती ती वेरूळ-अजिंठा पाहायला. अजिंठा सोमवारी बंद असतो हे तिला सोमवारी कळलं. वेरूळ मंगळवारी बंद असतं हे मंगळवारी कळलं. आता दिवसाचं करायचं काय, म्हणून समितीने शाळा तपासायचं ठरवलं.

अकरा वाजता अध्यक्ष आणि सदस्यबाई दारात उतरले तेव्हा सोमनाथ पाटी काढायला सुतार शोधत गेला होता आणि सोनिया मॅडम नणंदेच्या पैठणीत, हॉलमधल्या पारव्यांसमोर तालीम करत होत्या. समितीने पितळी पाटी वाचली आणि दार ढकललं.

आत साठीच्या एक बाई मागावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी तीन पोरं मन लावून कांड्या भरत होती. “बघा,” अध्यक्ष सदस्यबाईंच्या कानात म्हणाले, “प्राचार्य स्वतः काम करतायत. यालाच म्हणतात अनुभवातून शिक्षण.” मग खाकरून त्यांनी विचारलं, “इथल्या प्रमुख आपणच का?”

“इथं मीच हाय. दुसरं कोन नाय,” पारूबाई मान वर न करता म्हणाल्या. त्या मोराच्या चोचीवर आल्या होत्या.

“अनुभव किती?”

“चाळीस वर्सं झाली.”

“एकेकाकडे वैयक्तिक लक्ष देता?”

“द्यावंच लागतं. एक सुटलं की म्होरलं समदं इस्कटतं.”

“आणि शिस्तीचं काय? शिक्षा वगैरे?”

“कुनाला, रेशमाला?” पारूबाईंना हसू आलं. “लई ताणलं की तुटतं अन् सैल सोडलं की गुंततं. मायेनंच घ्यावं लागतं.”

सदस्यबाईंनी लिहून घेतलं : विद्यार्थिनींना नावाने ओळखतात.

समिती भारावून बाहेर पडली आणि समोरून सोनिया मॅडम धावत आल्या. जरीचा पदर, हातात रेशमाच्या लडी, घाम. कोण आलंय ते त्यांनी ओळखलं आणि तोंडाला येईल ते सुरू केलं. तोंडाला आलं ते पाठ केलेलं. सातवाहनांपासून सुरुवात करून त्या दहा मिनिटं न थांबता बोलल्या. मधेच “आय ॲम सोनिया,” असंही म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, “नाइस.” आपण प्राचार्य आहोत हे निराळं सांगायचं मॅडमच्या मनातही आलं नाही. पत्रव्यवहार सगळा त्यांच्याच सहीने झाला होता, पण समिती पत्रं लिहिते, सह्या वाचत नाही.

“एक ओळ विणून दाखवता का?” सदस्यबाईंनी विचारलं.

मॅडम गोड हसल्या. “शुअर मॅडम, आफ्टर टी.”

चहा झाला, समोसे झाले आणि समिती बिबी का मकबऱ्याकडे गेली. तो रोज उघडा असतो.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. काकासाहेब जिन्याखाली, मॅडमच्या टेबलाशी उभे राहून तो मोठ्याने वाचू लागले. “‘नववी-दहावीला तात्पुरती मान्यता देण्यात येत आहे.’ ऐका मॅडम! ‘प्राचार्य अनुभवी, साध्या व मुलांत मिसळणाऱ्या आहेत. त्या स्वतः मागावर बसतात, ही प्रथा चालू ठेवावी.’”

मॅडमचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. “स्वतः मागावर?”

“‘तथापि,’” काकासाहेबांचा आवाज जरा खाली आला, “‘आमंत्रित कलाकार श्रीमती सोनिया यांना माहिती तोंडपाठ असली, तरी प्रत्यक्ष विणकामाबद्दल समितीला शंका वाटते. सहा महिन्यांनी पुन्हा भेट देण्यात येईल. त्या वेळी त्यांनी विणून दाखवावे. अन्यथा मान्यतेचा फेरविचार होईल.’”

कूलरचा नळ ठिबकत होता. मॅडमनी तो बंद केला, मग पुन्हा बंद केला. “सर, मी आत्ता पत्र लिहिते. चूक झालीय म्हणून कळवते. प्राचार्य मी आहे!”

“लिहा की. मंग ते इचारतील, का बाई, प्राचार्यांच्या खुर्चीत कोन बसलं व्हतं? तुम्ही अर्जात काय लिवलं अन् आमाला काय दावलं? नववी बी गेली, दहावी बी गेली. अन् तुमी गेल्या पाचवी-ब ला.”

“पण त्यांनी मला कलाकार केलंय!”

“मंग व्हा ना कलाकार,” काकासाहेब अहवालाची घडी घालत म्हणाले. “सहा महिने हायेत की. लोकं सहा महिन्यांत डॉक्टर हुयालेत.”

श्रेयाची पैठणी उतरली, लग्न झालं, मोर ताठ मानेने मांडवात मिरवले. पण अहवालातली प्रथा चालू ठेवायची म्हणून मागावर लगेच दुसरा ताणा लागला. आणि मार्चमधल्या एका सोमवारी सोनिया मॅडम आपल्या केबिनमध्ये परत गेल्या. चप्पल बाहेर काढून, पदर खोचून पारूबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. मागाला हात लावायची परवानगी अजून नव्हती. महिनाभर आधी धागे मोजायला शिकायचं होतं.

तेवढ्यात पहिलीतली प्रेरणा दार ढकलून आत आली. कुणाच्या तरी वेणीला चिकटपट्टी लावल्याबद्दल तिची रवानगी झाली होती. सतरंजीवर आधीच बसलेल्या मॅडमकडे तिने नीट पाहिलं, त्यांच्याजवळ जागा केली आणि पारूबाईंना हळूच विचारलं, “आजी, मॅडमनी काय केलं?”

मॅडमनी मान वर केली नाही. त्या दोनशे चौदाव्या धाग्यावर होत्या, आणि मधे बोललं की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.